शाईचा डावा पाय

१

"डॉक्टर, आता उजवाही गेला," मालकीणबाई फोनवर म्हणाली. "तीन आठवड्यांपूर्वी डावा, आज उजवा. सकाळपासून पाय टेकवत नाहीये. या वेळी मला लेखी पाहिजे. मारल्यामुळे झालंय, असं स्वच्छ लिहून द्या."

डॉक्टरीण तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून एका बोकडाचं पथ्य त्याच्या मालकाला तिसऱ्यांदा समजावून सांगत होती. फोन ठेवल्यावर चौथ्यांदा सांगायचं त्राण तिच्यात उरलं नाही. तिनं पिशवी उचलली आणि गाडी काढली.

"मारल्यामुळे" हा शब्द मुळात तिचाच होता. तीन आठवड्यांपूर्वी तिनं चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मार लागल्याची शक्यता.' चिठ्ठी तिच्या हातातून मालकीणबाईच्या हातात जाईपर्यंत 'शक्यता' वाटेत कुठेतरी गळून पडली आणि 'मार' तेवढा उरला. मार म्हटल्यावर मारणारा लागतो. तो शोधायला तबेल्यात कुणाला फार लांब जावं लागलं नाही.

शाई म्हणजे दीड वर्षाचं शिंगरू. काळंभोर, अंगावर औषधालाही पांढरा केस नाही, म्हणून शाई. मालकीणबाईच्या नवऱ्यानं मरण्याआधी जोडी जुळवून जन्माला घातलेलं हे शेवटचं शिंगरू, त्यामुळे बाईंचा जीव त्याच्यात अडकलेला. आणि शिंगराचा जीव अडकलेला मोतद्दारात. घोड्याची देखभाल करणारा हा म्हातारा जनावरांशी दिवसभरात एकच शब्द बोलायचा, 'हळू', आणि त्यामुळे सगळा तबेला त्याला हळूकाका म्हणायचा. तीस वर्षं त्यानं इथं खरारा केला. शाईच्या डाव्या पायावर गाठ दिसल्या दिवशी त्याला शाईच्या खणात पाऊल टाकायची बंदी झाली. या महिनाअखेर खोली सोडायची होती. आणि आज डॉक्टरणीनं कागदावर सही केली, की संध्याकाळपर्यंत तो पोलिसांपुढे उभा राहणार होता.

"आणि एक," फाटकातच मालकीणबाईनं तिला गाठलं. "काल दुपारी तो चोरून तिच्या खणात शिरला होता. भाऊजींनी बाहेर पडताना पकडला. हातात लोखंड होतं."

२

भाऊजी, म्हणजे मालकीणबाईचा धाकटा दीर, घोड्यांना चाल शिकवायचा. लोक त्याला उस्ताद म्हणायचे. निम्मे आदरानं, निम्मे गमतीनं, आणि कोण कुठल्या निम्म्यात आहे हे त्याला आजवर कळलेलं नव्हतं. बूट मात्र असे चकचकीत की शेणसुद्धा बिचकून बाजूला व्हावं. हळूकाकाला बंदी झाल्यापासून शाईचं सगळं तोच बघत होता.

त्यानं शाईच्या तोंडावरच्या मोरकीला दोर लावला आणि तिला बाहेर आणलं. तिच्या डाव्या अंगाला राहून, दोर उजव्या हातात धरून. घोडा धरणारा माणूस नेहमी डाव्या अंगाला चालतो, मग तो तबेल्यातला असो की वरातीतला. पोरवयात कान धरून शिकवलेलं असतं, पुढं मरेपर्यंत पाय दुसऱ्या बाजूला जातच नाहीत.

शाई तीन पावलं आली आणि थांबली. उजव्या पुढच्या पायाचं फक्त टोक जमिनीला लागत होतं. डोळे आत गेलेले, बरगड्या मोजता येतील अशा.

"पूड चालू आहे ना?" तिनं विचारलं. दुखणं दाबायची पूड तिनंच लिहून दिली होती.

"परवा संपली," मालकीणबाई म्हणाली. "तोवर बरी होती हो. जवळजवळ नीट चालत होती. कालपासून ओरडायला लागली, आणि आज हे असं."

आधी डावा. डॉक्टरीण खाली बसली. गुडघ्याच्या खाली, नळीच्या आतल्या बाजूला ती गाठ होती, गोटीएवढी. दगडासारखी कडक. तिनं हाताची पाठ लावून बघितली, थंड. अंगठ्यानं दाबली, मग चांगली जोर लावून दाबली. शाईनं कानही हलवला नाही. पाय उचलला तर खुराच्या तळव्यात शेण आणि पेंढा दाबून दाबून विटेसारखा बसलेला.

"किती दिवसांत खूर साफ केले नाहीत?"

"माणूस कुठाय?" उस्ताद म्हणाला. "मी चाल शिकवू की खूर कोरत बसू?"

मग उजवा. गुडघ्यापासून खाली जखम नाही, ओरखडा नाही, केस विस्कटलेला नाही. खुराच्या वर मात्र सांधा फुगून आलेला. तिथं हात जायच्या आत शाईनं कान मागे टाकले. उस्तादानं दोराला हिसका दिला तशी ती तीन पायांवर मागे सरकून भिंतीला जाऊन आदळली. त्याच्या हातात ती पाय उचलू देणार नाही, हे उघड होतं.

"मार वगैरे काही दिसत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "डावा दुखतो म्हणून तीन आठवडे सगळा भार उजव्यावर टाकला असेल. त्याचा सांधा सुजला."

मालकीणबाई काहीतरी बोलली, पण डॉक्टरणीचं लक्ष नव्हतं. आपलंच वाक्य तिला खटकलं होतं. आत्ताच तिनं ती गाठ सगळा जोर लावून दाबली होती. डावा दुखत नव्हता. मग तीन आठवड्यांपूर्वी शाई लंगडत होती ती कशानं?

३

"काठीनं मारलं त्यानं," उस्ताद खोगिरांच्या खोलीत बाकावर बसत म्हणाला. "राग आला असेल. म्हातारा झालाय."

"तुम्ही बघितलंत?"

"बघायला कशाला पाहिजे? गाठ आहे ना समोर."

"गाठ आतल्या बाजूला आहे," डॉक्टरीण म्हणाली. "दोन पायांच्या मधल्या अंगाला. बाहेरून काठी मारली तर ती तिथं पोचत नाही. पोटाखाली आडवं पडून मारावं लागेल. सत्तरीचा माणूस, शिंगराच्या पोटाखाली, काठी घेऊन?"

उस्ताद बुटाकडे बघू लागला.

तिनं पिशवीतून तिची रोजची वही काढली. ती जिथं जाईल तिथं दोन ओळी खरडायची, आणि घाईत खरडलेल्या ओळी परत वाचायची तिला कधी वेळ मिळत नसे. तीन आठवड्यांपूर्वी शाईला बघितलं त्या दिवशी तर वाचणं दूरच. पलीकडच्या वाडीत एक गाय अडली होती, वासराचे पाय बाहेर आणि डोकं आत, आणि तिचा जीव इथं थाऱ्यावर नव्हता. पानावर तिचंच अक्षर होतं: 'डावा खूर चिमट्यानं दाबला, दुखत नाही. नळीला आतून गाठ. कडक. ऊब नाही.'

'कडक' आणि 'ऊब नाही', या शब्दांवर ती थांबली. आदल्या दिवशी मार बसला असता तर तिथं मऊ, गरम सूज हवी होती. हाड धरून ते कडक आणि थंड व्हायला आठवडे लागतात. म्हणजे काकानं मारलं असं म्हणतात त्याच्या कितीतरी आधीपासून गाठ तिथं होती. हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि मिटून ठेवलं होतं.

"उस्ताद, कोवळ्या शिंगराला अशी गाठ एका कारणानं हमखास येते. कडक जमिनीवर गोल गोल पळवलं की. मागच्या अंगणात ते रिंगण कसलं पडलंय?"

खिडकीतून ते दिसत होतं. टणक मातीत खुरांनी घासून घासून उमटलेलं, पुसायचा प्रयत्न केलेलं रिंगण.

उस्तादानं खिडकीबाहेर बघितलं. मग त्याचे खांदे खाली आले. "रोज सकाळी अर्धा तास. लांब दोरीवर. वहिनी म्हणायची, अजून लहान आहे, थांबा. मला वाटलं, एक दिवस एकदम चालवून दाखवीन. दादा असता तर त्यानं मला हात लावू दिला असता का हिला? कधीच नाही. मला एकदा दाखवायचं होतं."

"गाठ कधी दिसली तुम्हाला?"

"ती लंगडायला लागली त्याच्या दोनेक आठवडे आधी."

"आणि काकांचं नाव कुणी घेतलं?"

उस्तादानं बुटावरची नसलेली धूळ झटकली. डॉक्टरणीला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिनं दोन्ही केलं नाही, कारण तिच्या मनात दुसरंच घोळत होतं. ही असली थंड गाठ दिसायला वाईट असते, पण जनावराला लंगडवत नाही. गाठीचा चोर सापडला होता. लंगडण्याचा नव्हता.

"पण कालचं खोटं नाही," ती बाहेर पडली तसा उस्ताद दारातून ओरडून म्हणाला. "तो आत होता, डॉक्टर. ती भिंतीशी थरथरत होती, आणि त्याच्या हातात लोखंड होतं. देवाशपथ."

४

काकांची खोली तबेल्याच्या मागे होती. एक दार, एक खिडकी, आणि भिंतीवर तीस वर्षांच्या घोड्यांच्या मोरक्या खिळ्यांना टांगलेल्या. आज अर्धे खिळे रिकामे होते. काकांची बायको चादरीत भांडी बांधत होती. तिनं वर बघितलं आणि गाठ आणखी आवळली.

"आलात? आता काय लिहायचं राहिलंय?"

"काकू, मला त्यांच्याशी बोलायचंय."

"बोला की. तीन आठवडे तो भिंतीशी बोलतोय, आज तुमच्याशी बोलेल."

काका खाटेच्या कडेला बसले होते. डॉक्टरीण समोर जमिनीवर बसली. "काका, काल तुम्ही आत गेला होतात?"

"गेलो होतो."

"हातात काय होतं?"

ते उठले, उशीखालून एक वस्तू काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. खूर साफ करायची आकडी. मूठ झिजून बोटांच्या आकाराची झालेली. हेच ते उस्तादानं सांगितलेलं लोखंड.

"ती फार दुखून ओरडत होती बाई. इथवर ऐकू येत होतं. मला राहवलं नाही. खूर बघायला गेलो. तिनं पाय दिलासुद्धा हातात. तेवढ्यात उस्ताद आले."

"कुठला पाय?"

"उजवा." काकांनी तिच्याकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न झाला. "दुखणं उजव्यातच आहे. पहिल्या दिवसापासून. तुम्ही आलात ना, त्या दिवशी सकाळी मी खुरावर हात ठेवला, तर ऊब लागली. डावा गार, उजवा गरम. म्हटलं आत काहीतरी गेलंय. आकडी आणायला इथं आलो, शोधून परत जातो तर तुमची चिठ्ठी झालेली आणि उस्ताद दारात आडवे. म्हणाले, आत यायचं नाही. तू मारलंस."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कुणाला?" बायकोच कडाडली. "मालकीणबाईंनी तोंड फिरवलं. तुमच्या गाडीमागं हा फाटकापर्यंत धावला, तुम्ही हात दाखवून निघून गेलात. तुमची गाय अडली होती म्हणे."

डॉक्टरणीला आठवलं. आरशात एक म्हातारा हात हलवताना दिसला होता. नमस्कार करतोय असं तिला वाटलं होतं.

"पण काका," ती म्हणाली, "ती डाव्यानं लंगडत होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"कधी?" काकूनं विचारलं. "तुम्ही आलात तेव्हा ती खणात उभी होती. चालवलीत कधी तुम्ही तिला?"

चालवली नव्हती. आदल्या दिवशी मालकीणबाईनं फोनवर एक चित्रफीत पाठवली होती. तीच तिनं बघितली होती, चार वेळा. म्हणजे आता या दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता. एक हा म्हातारा. दुसरा तिच्या खिशातला फोन.

५

खोलीबाहेरच्या दगडावर बसून तिनं ती फीत काढली.

अर्ध्या मिनिटाची होती. मालकीणबाईनं हात लांब करून स्वतःचाच चेहरा टिपलेला, परदेशातल्या मुलाला पाठवायला. "बघ रे, शाई किती मोठी झाली," असं ती हसत सांगतेय, आणि तिच्या खांद्यामागून हळूकाका शाईला दुडक्या चालीनं कॅमेऱ्याकडे आणतायत. शाईची मान दर पावलाला खालीवर होते. फीत संपताना मालकीणबाई मागे वळते आणि म्हणते, "अगं बाई, ही लंगडते का?"

पुढचा पाय दुखत असलेला घोडा दुखरा पाय टेकताना मान वर झटकतो आणि चांगल्या पायावर भार देताना मान खाली टाकतो. अडाणी माणूस नेमकं उलट समजतो. डॉक्टरीण अडाणी नव्हती. तिनं परत बघितलं. मान खाली जात होती ती उजव्यावर. म्हणजे चांगला तो उजवा, दुखरा तो डावा. हजार घोडे बघितलेल्या डोळ्यांना यात चूक सापडत नव्हती. शाईच्या एखाद्या पायावर मोज्यासारखा पांढरा डाग, कपाळावर तिरका टिळा, काही असतं तर पडताळता आलं असतं. ही तर अथपासून इतिपर्यंत काळी.

मग तिनं शाईकडे बघणं सोडून दिलं आणि काकांकडे बघितलं.

काका शाईच्या उजव्या अंगाला चालत होते.

तिनं फीत थांबवली. तीस वर्षं घोडे धरणारा माणूस उजव्या अंगाला? तो झोपेतसुद्धा तिथं जाणार नाही. मालकीणबाईच्या मनगटाकडे बघितलं. घड्याळ उजव्या हातात. आत्ता तासाभरापूर्वी फाटकात ते डाव्या हातात होतं.

ती उठली ती धावतच घरात गेली. मालकीणबाई टेबलाशी कोरा कागद आणि पेन मांडून तिची वाट बघत होती.

"तुमचा फोन काढा. त्या दिवशीसारखं स्वतःला टिपा. मी मागे उभी राहते."

"डॉक्टर, हे काय आता..."

"काढा हो बाई!"

डॉक्टरीण तिच्या मागे उभी राहिली आणि तिनं डावा हात वर केला. मग दोघींनी ती फीत बघितली. फितीतल्या डॉक्टरणीचा उजवा हात वर होता.

"आरशासारखं," डॉक्टरीण म्हणाली. "आपला चेहरा टिपायचा कॅमेरा तुमच्या फोनमध्ये सगळं आरशासारखं उलटं साठवतो. डाव्याचं उजवं. शाई उजव्यानं लंगडत होती. मी फितीत डावा बघितला. इथं आले, डाव्याला गाठ सापडली, दोन्ही जुळलं, आणि मी उजव्या पायाला हातच लावला नाही."

मालकीणबाईनं फोन टेबलावर ठेवला. "मग उजव्यात काय आहे?"

"ते बघायला मला काका पाहिजेत. दुसऱ्या कुणाला ती पाय देणार नाही."

६

काका आत आले तेव्हा शाईनं मान वळवली आणि नाकातून बारीक आवाज काढला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, असं नंतर उस्तादच म्हणाला. काका तिच्या खांद्याला टेकून खाली वाकले. "हळू," ते म्हणाले, आणि भिंतीवर जाऊन आदळणाऱ्या त्या शिंगरानं आपला दुखरा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.

काकांनी आकडीनं शेणाची वीट उकरून काढली. वास आला. डॉक्टरणीला तो वास ओळखीचा होता, आणि तो आल्या क्षणी पुढचं सगळं तिला कळलं होतं. तरीही तिनं खूर तासायची सुरी घेतली. तळव्याच्या मध्ये रबरासारखा मऊ त्रिकोण असतो, त्याच्या कडेला एक काळा ठिपका होता. तिथं सुरीचं टोक फिरवलं, तशी काळी पातळ घाण वाहू लागली. त्या घाणीमागून पिवळसर, चिकट पाणी आलं. ते सांध्यातलं होतं. चिमट्यानं तिनं आतून जे ओढून काढलं तो डोकं तुटलेला एक खिळा होता, बोटाच्या दोन पेरांएवढा.

"कुंपण," काका म्हणाले. "त्याच आठवड्यात सुतार जुनं कुंपण काढत होता."

म्हणजे मारणारा कुणीच नव्हता. उस्ताद दारात उभा होता, मालकीणबाई त्याच्या शेजारी. डॉक्टरीण उठली नाही. खाली बसल्या बसल्याच तिनं सगळं सांगितलं, कारण उभं राहून सांगण्यासारखं तोंड तिला उरलं नव्हतं.

"गाठ उस्तादांच्या रिंगणानं आली. दिसायला वाईट, पण तिनं शाईला काहीही झालं नसतं. लंगडणं या खिळ्यानं आलं. काकांना दुसऱ्या दिवशी सकाळीच ऊब कळली होती. त्यांना पाच मिनिटं मिळाली असती तर त्यांनी खूर साफ केला असता आणि खिळा दिसला असता. पण माझ्या चिठ्ठीत 'मार' होता, आणि आपलं रिंगण झाकायला उस्तादांनी काकांचं नाव घेतलं. बंदी झाली. ज्याला तो पाय उचलता येत होता तो बाहेर गेला. वर माझी पूड. तिनं दुखणं दाबलं, म्हणून ती बरी वाटली, म्हणून तुम्ही मला बोलावलं नाहीत. आत सांधा नासत होता. पूड संपली आणि ती ओरडली."

"वहिनी, मी..." उस्तादानं सुरुवात केली.

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा," मालकीणबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "डॉक्टर, मोठ्या इस्पितळात नेऊ. आत्ता गाडी मागवते. कितीही लांब असू दे."

"पहिल्या दोन दिवसांत नेलं असतं तर मी स्वतः गाडीत बसून आले असते. आता हाड गेलंय."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. आज नाही सोडवलं तर अजून दोन-तीन दिवस ओरडेल, एवढंच."

मालकीणबाईनं भिंतीला हात टेकला. मग तिनं काकांकडे बघितलं, बहुधा माफी मागायला. पण काका शाईच्या खुरातली घाण फडक्यानं पुसत होते, आणि त्यांनी वर बघितलं नाही.

७

दुपारी काकांनीच तिला झाडाखाली नेलं. वीस पावलांना पाऊण तास लागला. कुणी घाई केली नाही. डॉक्टरणीनं पहिली सुई दिली, शाईची मान जड झाली आणि ती काकांच्या अंगावरून घसरत खाली बसली. दुसरी सुई दिली तेव्हा काकांचा तळहात तिच्या डोळ्यांवर होता. तो त्यांनी बराच वेळ काढला नाही.

मग डॉक्टरीण घरात गेली आणि त्या कोऱ्या कागदावर तिनं लिहिलं. एकही 'शक्यता' न घालता लिहिलं. सही केली, तारीख घातली, मालकीणबाईचीही सही घेतली, आणि कागद घेऊन ती मागच्या खोलीत गेली. चादरीतली भांडी दारात आली होती. मोरक्या सगळ्या खिळ्यांना परत लटकवलेल्या होत्या, त्या तबेल्याच्या, नेण्याच्या नव्हत्या.

"मालकीणबाई म्हणतात, राहा," डॉक्टरीण म्हणाली. "खोली तुमचीच आहे. त्या स्वतः येणार आहेत सांगायला."

"येऊ देत," काकू म्हणाली आणि पुढची गाठ बांधली.

"काका, मी हे लिहून आणलंय. तुम्हाला वाचून दाखवते."

तिनं वाचलं. मोतद्दारानं शिंगराला मारलेलं नाही. गाठ चुकीच्या वयात कडक जमिनीवर पळवल्यानं आली. लंगडण्याचं कारण उजव्या खुरातला खिळा. मोतद्दारानं ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. निदान चुकलं ते माझं. शिंगरू गेलं ते माझ्या चुकीनं. शेवटच्या ओळीपर्यंत तिनं वाचून पुरं केलं.

"एवढंच?" काकूनं विचारलं.

डॉक्टरणीनं कागद खाली केला.

"नाही, छान लिहिलंय. पण हा कागद घेऊन मी दारोदार फिरू का? बाजारात जाते तर बायका माझ्याकडे बघून कुजबुजतात. घोडं मारणाऱ्याची बायको. त्यांच्यातल्या किती जणींना वाचता येतं?"

काका इतका वेळ हाताला लागलेले काळे केस एक एक करून वेचत होते. ते म्हणाले, "बाई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"त्या दिवशी तुम्ही उजवा पाय उचलला असता तर?"

खोटं बोलता आलं असतं. खिळा खोल होता, सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं, आणि म्हाताऱ्याला ते पटलंही असतं. डॉक्टरणीनं एक क्षण तो विचार केला.

"वाचली असती," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. रागानं नाही. एखाद्याला जे ठाऊक आहे तेच दुसऱ्यानं सांगावं, तशी. त्यांनी तिच्या हातातून कागद घेतला, जपून घडी घातली, आणि परत तिच्याच हातात दिला.

"तुमच्याजवळ राहू द्या. मी मारलं नाही, हे तिला ठाऊक होतं. शेवटपर्यंत पाय दिला तिनं मला. बाकीच्यांना आता कळून काय करायचंय?"

मग त्यांनी खाटेखालून आपल्या वहाणा ओढल्या, भांड्यांचं गाठोडं उचललं, आणि बायकोला म्हणाले, "चल, ऊन उतरलंय." डॉक्टरीण दारातून बाजूला झाली. दोघं फाटकाकडे निघाले, आणि ती कागद हातात धरून तिथंच उभी राहिली, कारण मालकीणबाई घरातून धावत येत होती आणि तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की उशीर झालाय.